आधी बटाटा, मग कोंबडी

आत्याच्या सॉसेजचं लेबल सरकारी खात्याकडून परत आलं, तेव्हा त्यावरचे शेरे मी कामावर बसून वाचले. मी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला असते. तिथे हसायची पद्धत नाही. पण ते शेरे वाचून मला असं काही हसू फुटलं, की बाकावर गाल धरून बसलेला माणूस माझ्याकडे डोळे वटारून बघायला लागला. मी टेबलाखाली वाकून काहीतरी शोधल्यासारखं केलं.

खात्याचं म्हणणं असं, की घटकांच्या यादीवरून हे उत्पादन मुख्यतः तेल असल्याचं दिसतं, तरी त्याला चिकन सॉसेज का म्हणावं याचा खुलासा करावा. लेबलवर ‘आईच्या हातचं’ असा दावा आहे, तर ही आई कोण आणि तिचा उत्पादनाशी संबंध काय, ते कळवावं. शिवाय चित्रातला पक्षी बदकासारखा दिसतो. बदकाचं मांस वापरत असल्यास तसा उल्लेख करावा.

संध्याकाळी मी हे सगळं आत्याच्या स्वयंपाकघरात मोठ्याने वाचून दाखवलं. तेलाचं ऐकून ती म्हणाली, “वेडेबिडे आहेत का?” आईचं ऐकून म्हणाली, “मग मी कोण, शेजारीण?” बदकाचं ऐकल्यावर मात्र गप्प बसली. कारण चित्र आतोबांनी काढलं होतं आणि आतोबा समोरच बसून सुरीला धार लावत होते.

“बदक?” आतोबा म्हणाले. आणि दुप्पट जोराने धार लावायला लागले.

आतोबा म्हणजे आत्याचा नवरा. धंद्याने खाटीक, स्वभावाने मुका म्हटलं तरी चालेल असा. पुढे त्यांचं दुकान, मागे घर, त्याच्या मागे एक शेड. दुकानात आतोबा कोंबड्या कापणार आणि शेडमध्ये आत्या त्यांची सॉसेज करणार, हे मी जन्मल्यापासून बघत आलेय. आत्या बुटकी, रुंद आणि आवाजाने आसपासच्या चार गल्ल्यांना पुरून उरणारी. पोस्टमन, शाळेचा शिपाई, तिच्याहून वयाने मोठ्या बायका, सगळे तिला आत्याच म्हणतात. तिला कुणी सांगितलं की अमुक होणार नाही, की ती बाह्या सरसावते. फ्रीज दुरुस्तीवाल्याने एकदा “हा आता भंगारात काढा” म्हटलं, तर तिने त्याला स्टुलावर बसवून तीन वेळा चहा पाजला आणि फ्रीज दुरुस्त करूनच सोडला. बिचारा अजून तिच्या दारावरून जाताना सायकल जोरात मारतो.

तिच्यात एकच खोट, असं मी आयुष्यभर सांगत आले. तिला अंदाज नाही. मी लहान असताना रोज संध्याकाळी तिच्याकडून आमच्याकडे कोंबडीचा डबा यायचा. “उरलंय, उद्यापर्यंत टिकणार नाही, खाऊन टाका.” आज उरलं, उद्या उरलं, परवाही उरलं. आई तेव्हा नुकतीच गेलेली, घरात मी आणि बाबा, आणि आम्ही आपले आत्याचं उरलेलं संपवतोय. मोठी झाल्यावर मी तिला कितीदा चिडवलं असेल, “बाई गं, रोज एवढं उरायचं तर तुझा धंदा चालला तरी कसा?” ती म्हणायची, “चालला बाई कसातरी. तू जेव.”

आता धंद्याचं घोडं अडलं होतं ते असं. घर आणि शेड स्वतःचं, पण पुढचं दुकान भाड्याचं. मालकाने ते विकायला काढलं. आत्याच्या गुडघ्यांनी तर कधीच राजीनामा दिलेला, डॉक्टर म्हणतात दिवसभर उभं राहणं बंद. तिचा मुलगा, म्हणजे माझा आतेभाऊ, दुसऱ्या शहरात राहतो. त्याने खोली रंगवून तयार ठेवली होती. मुलगा गुणाचा आहे, सूनही चांगली आहे, पण तिचं स्वयंपाकघर म्हणजे ऑपरेशन थिएटर. कुणी पाण्याचा पेला उचलला तरी ती मागून ओला डाग पुसते. आत्या तिकडे आठवडाभर राहून आली ती वाळूनच आली. “तिथे मी करायचं काय? गॅलरीत बसून कुंडीतली रोपं उपटून बघू, मुळं वाढली का?”

त्यातून सुटायचा एकच रस्ता निघाला होता. बाजाराजवळ एक मोठं दुकान उघडणार होतं, आणि त्याच्या मॅनेजरने आत्याचं सॉसेज खाऊन बघितलं होतं. तो म्हणाला, हेच मला हवंय, माझ्या थंड कपाटात ठेवीन, पण पाकिटात आणि मंजूर झालेल्या लेबलसकट. म्हणजे पुढच्या दुकानाची गरज नाही, आत्याने सकाळी बसून काम करायचं, दुपारी गाडी येऊन माल नेईल. शेडला टाइल लागल्या, खिडक्यांना जाळ्या लागल्या, आत्याच्या आणि हाताखालच्या दोन बायांच्या डोक्यावर टोप्या आल्या, तपासणीही पास झाली. राहिलं होतं फक्त लेबल. मॅनेजर महिनाअखेरीस कपाट भरणार. तोवर मंजुरी आली तर आत्या इथे, नाही तर आत्या मुलाकडे.

आणि ती गेली असती तर माझं काय झालं असतं, कोण जाणे. मला वेणी घालायला तिने शिकवलं. ताप आला की अजून मी आधी तिला फोन करते, मग डॉक्टरला. घरात टाइप करता येणारी मी एकटी, म्हणून अर्ज माझ्या गळ्यात पडला, हे बोलायला ठीक आहे. खरं म्हणजे तिने नको म्हटलं असतं तरी मी तो ओढून घेतला असता.

तर, परत आलेला अर्ज काखेत मारून आम्ही दोघी खात्याच्या ऑफिसात गेलो. लेबलांचं काम एक बाई बघायच्या. चष्मा दोरीने गळ्यात, हातात पट्टी आणि टेबलावर लोकांची रिकामी पाकिटं, डबे, बरण्या यांचा बाजार. आम्ही त्यांचं नाव लेबलबाई ठेवलं, अर्थात बाहेर आल्यावर.

लेबलबाईंनी आमचा कागद पुढे ओढला. “तेल, कांदा, लसूण, बटाटा, मिरी, मीठ, ब्रेडचा चुरा, कोंबडी. मावशी, हे तुम्ही कोणत्या क्रमाने लिहिलंय?”

“घालते त्या क्रमाने,” आत्या म्हणाली. “आणखी कोणत्या क्रमाने लिहितात?”

माझ्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. अर्ज भरताना मी विचारत गेले, आत्या सांगत गेली, आणि सांगताना तिचे हात हवेत चालले होते. आधी तेल तापवलं, मग कांदा परतला, मग लसूण. कोंबडी सगळ्यात शेवटी, कारण ती गार राहिली पाहिजे. मीही आपली यांत्रिकपणे टाइप करत गेले.

“वजनाच्या क्रमाने लिहितात,” लेबलबाई म्हणाल्या. “ज्याचं वजन सगळ्यात जास्त, ते पहिलं. मग त्याहून कमी. तुमच्या यादीप्रमाणे तुम्ही तेलाला कोंबडीचा वास लावून विकताय.”

“शी,” आत्या म्हणाली.

“आणि नावात जे आहे, ते आत तेवढं हवं. चिकन सॉसेज म्हटलं तर कोंबडी पहिली यायला पाहिजे. ती येईलच म्हणा तुमची.”

“येईल म्हणजे काय, येणारच.”

“घरी नीट वजन करा, प्रत्येक गोष्टीचं, मिसळताना. मी मागून तपासायला माणूस पाठवते. आता ही आई.” लेबलबाईंनी पट्टी ‘आईच्या हातचं’वर ठेवली. “तुमच्या इथे काम करणाऱ्या दोन्ही बाया तुमच्याच मुली का?”

“नाही हो. त्या कामाला येतात.”

“मग त्यांच्या हातचं काय म्हणायचं?”

आत्याने थोडा विचार केला आणि म्हणाली, “आई काढून टाका.” मला ठसका लागला.

“आणि हे बदक कुणी काढलं?”

“आमच्या यांनी. कोंबडी आहे ती.”

लेबलबाईंनी चष्मा लावून चित्र जवळ घेतलं, लांब धरलं. “पाय बघा तिचे,” त्या हळूच म्हणाल्या. “पोहायला निघाल्यासारखे आहेत.” आणि दोघी जणी माझ्यादेखत शाळेतल्या मुलींसारख्या हसत सुटल्या. मला वाटलं, चला, काम झालं. यादी उलटीपालटी करायची, आई काढायची, कोंबडीचे पाय बदलायचे, की गाडं रुळावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात सुट्टी टाकून मी नवा वजनकाटा घेऊन शेडमध्ये हजर. आत्याचा काट्यावर राग. ती आजवर काही मोजत आली नाही. तिचं माप म्हणजे हाताची ओंजळ, चिमूट आणि “बघ ना कसं दिसतंय.” मी तिला म्हटलं, तू रोजच्यासारखं कर, फक्त घालायच्या आधी प्रत्येक भांडं माझ्या काट्यावर ठेव. तोंड वाकडं करून तिने ठेवलं. कांदा, लसूण, मिरी, चुरा, सगळं झालं. उकडून कुस्करलेला बटाटा ठेवला. कोंबडीचा खिमा ठेवला. मी आकडे लिहिले, वाचले, पुन्हा वाचले.

“आत्या, बटाटा जास्त आहे.”

“काटा बिघडलाय तुझा.”

मी फळीवरचा मिठाचा बंद पुडा काढून काट्यावर ठेवला. पुड्यावर जेवढं छापलं होतं तेवढंच काट्याने दाखवलं.

“आज चुकून जास्त पडला असेल,” आत्या म्हणाली, आणि तिने मला तिथून हाकललं.

पुढच्या दिवशी मी परत. या वेळी बटाट्याचं पातेलं भरताना ती माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. पण तिची पाठही मला पाठ आहे. “हात आखडता घेऊ नकोस. रोज घालतेस तेवढा घाल.”

“तेवढाच घालतेय.”

“आत्या.”

तिने खाली ठेवलेले बटाटे एकेक करून पातेल्यात परत टाकले. काट्याने कालचंच सांगितलं. कोंबडी दुसरी, बटाटा पहिला, आणि फरक असा की चुकून म्हणायची सोय नाही.

आत्या उलट्या क्रेटवर बसली. टोपी काढून मांडीवर ठेवली. मी तिला असं कामाच्या मध्ये बसलेलं कधी बघितलं नव्हतं.

“कधीपासून घालतेस एवढा?” मी विचारलं.

“तू तिसरीत होतीस.”

“म्हणजे?”

“म्हणजे काय म्हणजे. दादाची गिरणी बंद पडली ना तेव्हा.”

दादा म्हणजे माझे बाबा. ते सूतगिरणीत मशीनवर होते. मला ती गिरणी बंद झालेली आठवते ती एवढीच, की बाबा शाळेत सोडायला यायला लागले आणि मला त्याचा फार आनंद झाला होता.

“मी म्हटलं, थोडे दिवस माझ्याकडून ने. तर माझ्याशी बोलेना. मोठा भाऊ ना तो. बहिणीकडून घ्यायचं म्हणजे त्याचं नाक कापलं जाणार. घरात तू एवढीशी, आई नाही, आणि हा माणूस पातळ भातावर दिवस काढतोय आणि मला सांगतोय, भूक नाही. मग मी काय करू? सकाळी हे मला सॉसेजसाठी कोंबडी कापून द्यायचे, त्यातली थोडी मी बाजूला काढायचे. शिजवून संध्याकाळी तुमच्याकडे. सॉसेज कमी पडायला नको म्हणून तेवढा बटाटा.”

“मग रोज उरायचं ते?”

“उरतंय कसलं डोंबलाचं. कोंबडी कधी उरते का खाटकाच्या घरात?”

मला रडू आलं. सरळ सांगते, आलं. दोन्ही बाया बघत होत्या म्हणून मी कांद्यावर ढकललं, तर त्यातली एक म्हणाली, “ताई, कांदा तर मघाशीच परतून झाला.” आयुष्यभर मी हिला अंदाज नाही म्हणून चिडवलं होतं, आणि ही बया “तू जेव” म्हणून गप्प बसली होती.

मग पुढे बाबांना दुसरीकडे काम लागलं. डबा बंद झाला, आत्याने कोंबडी पूर्वीएवढी घालायला सुरुवात केली, तर गिऱ्हाईकं कुरकुरायला लागली. सॉसेज कडक लागतं, पहिल्यासारखं तोंडात विरघळत नाही. लोकांना बटाट्याची सवय लागलेली. शेवटी तिने आतोबांना सांगितलं, मला कोंबडी कमीच द्या, भरताना मशीन अडतं. त्यांनी कमी दिली. बटाटा जो राहिला तो राहिला.

आम्ही दुसराही उपाय करून बघितला. कोंबडी वाढवून, बटाटा घटवून सॉसेज केलं आणि दोघींनी खाल्लं. वाईट नव्हतं. आत्याने घास चावून चावून गिळला आणि म्हणाली, “हे कुणाचंही आहे.” मॅनेजरला जे आवडलं होतं ते हे नव्हतं, आणि आत्याला जे करता येत होतं तेही हे नव्हतं.

“मग लिहून टाकू कोंबडी पहिली,” मी म्हणाले. “तपासणीच्या दिवशी कोंबडी जास्त घाल. उरलेले दिवस कोण बघतंय?”

“खाली सही कुणाची आहे?”

“तुझी.”

“मग. तोंडाने मी कुणाला काही सांगितलं नव्हतं, तोवर निभलं. छापून खोटं नाही बोलायचं मला.”

“तर मग खरं छाप. बटाटा आधी.”

ती उठून उभी राहिली. “आणि यांना काय सांगू? त्यांनी दारावर एवढ्या मोठ्या अक्षरात चिकन लिहिलंय. त्यांची कोंबडी त्यांना न विचारता मी माहेरी पोचवली, हे आता म्हातारपणी सांगू? आणि दादा? तो तर छापलेलं सगळं वाचतो.”

हे मात्र खरं. बाबांना छापील अक्षराचं व्यसन आहे. औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला कागदसुद्धा ते भिंग लावून शेवटपर्यंत वाचतात आणि मग मला जेवताना ऐकवतात की या गोळीने क्वचित कान वाजतात.

“जाते मी मुलाकडे,” आत्या म्हणाली. “बास झालं लेबल.”

“जा,” मी म्हणाले. माझंही डोकं फिरलं होतं. “जा आणि बस कुंड्या उपटत. मला ताप आला की मी ओल्या फडक्याला आत्या म्हणेन.” आणि पर्स उचलून मी चालती झाले, ती फाटकापर्यंत. तिथून परत आले, कारण वजनकाटा आत राहिला होता. असं मी तिला सांगितलं.

ती शेडमध्ये नव्हती. घरात गेले तर आतोबा जेवणाच्या टेबलाशी बसले होते. समोर कोरे कागद, पेन्सिल, खोडरबर, आणि चुरगाळलेल्या कोंबड्यांचा ढीग. बदकाचं त्यांनी मनाला फारच लावून घेतलं होतं. आणि आत्या टेबलाच्या पलीकडे ओल्या हातांनी उभी. मी दारातच थांबले.

“अहो,” आत्या म्हणाली, “सॉसेजमध्ये कोंबडीपेक्षा बटाटा जास्त आहे.”

“हं,” आतोबा म्हणाले. ते पाय खोडत होते.

“हं काय? मुद्दाम घालते मी. दादाची गिरणी बंद होती तेव्हा तुम्ही दिलेली कोंबडी मी त्याच्याकडे पाठवायचे. रोज. तुम्हाला न सांगता.”

“माहीत आहे.”

“काय माहीत आहे?”

आतोबांनी कागदावरचा रबराचा चुरा फुंकला. “खाटीक आहे मी. सकाळी किती कापून दिली आणि सॉसेजमध्ये किती गेली, एवढं कळत नाही मला? आणि तुझ्या दादाने विचारलं पण होतं एकदा, दुकानात येऊन. म्हणाला, खरं सांगा, रोज एवढं कसं उरतं?”

आत्याचा आवाज एकदम बारीक झाला. “मग तुम्ही काय म्हणालात?”

“म्हटलं, गिऱ्हाईकच नाही हो. धंदा पार बसलाय. तुम्ही खाऊन टाकता म्हणून बरं, नाही तर फेकावंच लागलं असतं.”

हे कोण बोललं, ते कळायला आतोबा माहीत असावे लागतात. “आज माल जरा शिळा वाटतो” असं कुणी गमतीत म्हटलं तरी सुरी खाली ठेवून त्या माणसाला दुकानाबाहेर काढणारे हे. त्यांचं दुकान म्हणजे त्यांचा जीव. त्या माणसाने मेव्हण्याच्या तोंडावर सांगितलं होतं, की माझा धंदा बुडालाय.

“मला का नाही बोललात कधी?” आत्या म्हणाली.

“तू कुठे बोललीस?” त्यांनी पेन्सिलीला टोक केलं. नवा कागद घेतला. “म्हणजे आता चित्रात बटाटा पण काढायला लागेल.” त्यांनी एक लांबट गोल काढला, त्यावर दोन-तीन ठिपके दिले आणि कागद माझ्याकडे फिरवला. “ठमे, हा तरी बदकासारखा दिसत नाही ना?”

“नाही आतोबा,” मी म्हणाले. “हा अगदी बटाटा आहे.”

आत्या आत निघून गेली आणि आतून पातेली आदळायचा आवाज यायला लागला. आमच्या आत्याला गहिवरून आलं की भांड्यांचं काही खरं नसतं. आतोबांनी कान देऊन ऐकलं आणि पुन्हा कोंबडीचे पाय काढायला घेतले.

नवा अर्ज गेला. बटाटा आणि चिकन सॉसेज. यादीत बटाटा पहिला, कोंबडी दुसरी, तेल बिचारं पार खाली. आई गायब. चित्रात एक बटाटा आणि त्याच्यामागे एक कोंबडी, छातीपर्यंतच, कारण पाय काही केल्या जमले नाहीत. लेबलबाईंचा माणूस येऊन वजनं तपासून गेला. मॅनेजरला आत्याने स्वतः फोन करून नाव बदलल्याचं सांगितलं. तो म्हणाला, चव तीच आहे ना? आत्या म्हणाली, तीच. तो म्हणाला, मग मला काय करायचंय. महिना संपायच्या आत मंजुरीचा शिक्का आला. लेबलबाईंनी खाली पेनाने लिहिलं होतं, चित्राबद्दल आक्षेप नाही. आतोबांनी तो कागद फ्रेम करायला टाकला.

आतेभावाला खोली भाड्याने द्यायला सांगितली. तो रुसला, पण त्याची बायको फोनवर फार गोड बोलली.

राहिले बाबा. पहिलं पाकीट आत्याने माझ्या हातात दिलं. “दादाला तू दे. मी येत नाही.” मी ते रात्रीच्या जेवणाला गरम केलं आणि पाकीट मुद्दाम लपवलं नाही, मुद्दाम दाखवलंही नाही. बाबांना दाखवावं लागत नाही. त्यांनी भिंग काढलं.

“बटाटा आणि चिकन सॉसेज,” त्यांनी वाचलं. “अरे वा, चित्र छान आहे. घटक. बटाटा, कोंबडीचं मांस, कांदा…” ते मागे गेले. “बटाटा आधी कसा?”

“वजनाने जास्त असेल ते आधी लिहायचं असतं.”

“हे हिने आता बदललं?”

“नाही. आधीपासून तसंच आहे.”

“कधीपासून?”

मला काहीही सांगता आलं असतं. “मी तिसरीत असल्यापासून,” मी म्हणाले.

बाबांनी भिंग टेबलावर ठेवलं. मग त्यांनी सॉसेज खाल्लं, हळूहळू, सगळं. कान वाजण्याबद्दल किंवा कशाबद्दलच काही बोलले नाहीत. स्वतःचं ताट धुतलं आणि झोपायला गेले.

सकाळी उठले तर बाबा घरात नाहीत. दारातले बूट नाहीत. म्हटलं, म्हाताऱ्याने मनाला लावून घेतलं, आता भावाबहिणीचं बोलणं बंद. तशीच धावत आत्याकडे गेले. शेडचं दार उघडं होतं.

बाबा उलट्या क्रेटवर बसले होते. डोक्यावर नियमाप्रमाणे टोपी, पुढ्यात बटाट्यांचं टोपलं, आणि ते सालं काढत होते. आत्या कमरेवर हात ठेवून त्यांच्या डोक्यावर उभी.

“दादा, केवढी जाड सालं काढतोस. अर्धा बटाटा चाललाय सालाबरोबर.”

बाबांनी मान वर केली नाही. “असू दे,” ते म्हणाले. “उरलं तर संध्याकाळी घरी पाठव. खाऊन टाकू.”

आत्याने हातातलं पातेलं ओट्यावर आदळलं.